दुसरा नमुना

बाबांना आमच्या वनस्पतिसंग्रहालयात आणलं तेव्हा त्यांची मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. गुडघ्यांपासून खाली सगळं मूळ होतं. वर ते नेहमीचे बाबा होते, तपकिरी स्वेटर आणि कानटोपी घातलेले. उत्तरेकडून नमुने गोळा करून परतलेल्या लोकांनी त्यांना टेबलावर आडवं ठेवलं, माझी सही घेतली आणि चहाला निघून गेले. स्वेटरच्या बटणाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: वितळत्या बर्फाची कड, ओली खडी, बहुधा डँडेलियन.

डँडेलियनचा, म्हणजे फुंकर घातली की म्हातारीसारख्या बिया उडतात त्या पिवळ्या फुलझाडाचा, अभ्यास आमच्याकडे मी करते, म्हणून नमुना माझ्याकडे आला. ते माझे वडील आहेत याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"किती वाजले?" बाबांनी विचारलं.

"साडेअकरा."

"लेट," ते म्हणाले. "आणि हा पेपर हिंदी आहे. डाव्या बाजूला राशिभविष्य दिसतंय, माझं वाच बरं."

मी कागद थोडा सोडवला. राशिभविष्य मुळाच्या ओलाव्याने विरघळलं होतं.

बाबा आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी कुठल्या फलाटावर लावायची आणि कधी सोडायची हे ते काचेमागे बसून माइकवरून सांगत. निवृत्त झाल्यावर एका यात्रा कंपनीबरोबर ते बर्फ बघायला उत्तरेला गेले. घाटात गाडी थांबली, पाय मोकळे करायला ते उतरले, नदीकाठच्या खडीवर टेकले आणि मग त्यांना उठता येईना. ड्रायव्हरने बराच वेळ हॉर्न वाजवला.

"शेवटी मीच सांगितलं, सोड गाडी," बाबा म्हणाले. "एका पॅसेंजरसाठी गाडी अडवून ठेवायची नसते."

हे ते नेहमी म्हणत. मी लहान असताना एकदा स्टँडवर त्यांच्याकडे धावत जाताना खडीवर पडले होते. गुडघा फुटला होता. बाबा काचेमागून बाहेर आले, उकिडवे बसले आणि त्यांनी गुडघ्यावर फुंकर घातली. म्हणाले, गेलं दुखणं. मी विचारलं, कुठे गेलं? ते म्हणाले, पुढच्या डेपोला, तिथले बघून घेतील. मग ते पुन्हा आत जाऊन माइकवर बोलू लागले. त्या दिवशीची गाडीही वेळेवर सुटली.

डॉ. उपासनी मॅडम आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख. त्या खुर्चीवर बसत नाहीत, गळ्यात भिंग अडकवून टेबलांमधून फिरत असतात. त्यांनी चिमट्याने बाबांच्या कानटोपीची कड उचलून पाहिली.

"नमस्कार," बाबा म्हणाले.

"पाणी घातलंस का यांना?" मॅडमनी मला विचारलं.

"हो."

"फार घालू नकोस. वाळायला वेळ लागतो."

"वाळवायलाच हवं का?"

"नवी जाती वाटते. नाव द्यायचं तर प्रमाण-नमुना लागेल, आणि प्रमाण-नमुना जिवंत असून चालत नाही. नियम तुला माहीत आहे."

मला माहीत होता. एमएस्सीला परीक्षेत आला होता. वनस्पतीचं नाव एकाच झाडाला बांधलेलं असतं, आणि ते झाड दाबून, वाळवून, कागदावर शिवून कपाटात ठेवलेलं असतं. जिवंत झाड बदलत राहतं, त्यामुळे त्याच्यावर नाव टिकत नाही.

"आणि नाव दिलं नाही तर?"

"बिननावाचं साहित्य आपण ठेवत नाही, शर्वाणी." मॅडमनी मागच्या अंगणाकडे पाहिलं. तिथे पत्र्याचा ड्रम आहे. हंगाम संपला की जुने टीपकागद आणि बिननावाचं साहित्य त्यात जाळतात.

म्हणजे एकीकडे झाडं दाबून वाळवायचा प्रेस होता आणि दुसरीकडे ड्रम. पण जोवर वर्णन पूर्ण होत नाही, तोवर दोन्ही गोष्टी करता येत नाहीत. म्हणून मी वर्णन हळू लिहायचं ठरवलं.

त्यात एक अडचण होती. आमच्याकडे वर्णन लिहिलं की ते लागू होतं. सगळ्याच संग्रहालयांत असं होतं की नाही मला माहीत नाही. मी फक्त इथेच काम केलं आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर निखत मुजावर गवतांवर काम करते. तिची खाला, म्हणजे मावशी, गेल्या वर्षी गवतात निघाली. निखतने पेऱ्यांचं वर्णन जरा सढळ हाताने केलं, तर खाला इतकी लांब झाली की एका कागदावर मावेना.

"तीन शीट झाले तिचे," निखत म्हणाली. "ईदला तिन्ही कपाटांसमोर उभं राहावं लागतं. तू आपली बेताने लिही."

मी मुळापासून सुरुवात केली, कारण तिथे आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोटमूळ, उभं, न फाटलेलं, बाहेरून गडद तपकिरी. बाबांना काही जाणवलं नाही. मग ते दाढी करत असताना ब्लेड लागलं आणि पांढरं आलं. मी लिहिलं: सर्व भागांत दुधाळ चीक. बाबांनी बोट चाटून पाहिलं.

"कडू," ते म्हणाले. "तुझी आई मेथीचे लाडू करते, तितकं नाही, पण कडू."

पानांना मी जितका उशीर करता येईल तितका केला. पण मॅडम येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लिहावंच लागलं: पानं जमिनीलगत, चक्राकार पसरलेली, कडा खोल कापलेल्या, खंड मागे वळलेले, टोकाचा खंड बाणाच्या फाळासारखा. मी पूर्णविराम दिला तेव्हा स्वेटरच्या बाह्या रिकाम्या झाल्या होत्या. बाबांचे हात टेबलावर सगळ्या दिशांना पसरले होते, आणि ते दोनपेक्षा बरेच जास्त होते.

"इतके हात तेव्हा असते," बाबा म्हणाले, "तर सुट्टीच्या दिवसांत स्टँडवर एकाही माणसाने शिवी दिली नसती."

गळ्याशी फुलाखालची बारीक हिरवी पानं आली, कॉलरसारखी. आम्ही त्यांना छदं म्हणतो. या जातीत प्रत्येक छदाच्या टोकाला शिंगासारखा उंचवटा असतो. बाबांनी एक चाचपून पाहिलं.

"लोकांना वयात आल्यावर शिंगं फुटतात. मला रिटायर झाल्यावर फुटली."

संध्याकाळी आईला फोन केला.

"काही खातात का ते?" आईने विचारलं.

"पाणी घेतात."

"स्वेटर काढायचा नाही म्हणावं. त्यांना थंडी सोसत नाही."

"काढला नाही. आतल्या हातांची पानं झाली."

"बरं," आई म्हणाली. "तू जेव वेळेवर."

उंचीची ओळ टाळता येत नाही. उंचीशिवाय वर्णन म्हणजे गावाचं नाव नसलेली पाटी, असं मॅडम म्हणतात. आमच्या शीटची लांबी ठरलेली आहे, झाड तिच्यावर मावलं पाहिजे. मी पट्टी घेतली आणि लिहिलं: उंची १० ते १५ सेंटिमीटर. आणि त्यापुढे, हात जरा घाई करतो आहे असं वाटत असताना, लिहिलं: क्वचित २०.

त्यामुळे बाबा दिवसभर दहा आणि पंधरा यांच्या मध्ये कुठेतरी असत. मी डबा उघडला की पंधराला येत, मॅडम जवळून गेल्या की दहाला. डोक्याच्या जागी आता पिवळं फूल होतं, कानटोपीएवढं दाट, आणि त्याच्या मधोमध बाबांचा चेहरा होता, एक रुपयाच्या नाण्याएवढा. पण क्वचित ते वीस होत. वीसला त्यांचा आवाज नेहमीचा होई आणि मान वळवून ते खिडकीतून रस्ता बघत. कुठली गाडी गेली ते सांगत. मी 'क्वचित' हा शब्द त्यासाठीच लिहिला होता. तो शब्द शास्त्रात चालतो.

अधिवासाची ओळ चिठ्ठीवरून उतरवायची होती, त्यात माझं काही नव्हतं. उत्तरेकडील डोंगर, वितळत्या बर्फाच्या कडेची ओली खडी. ती लिहिल्यावर टेबलाखालची फरशी खडीची झाली. खोली उत्तरेच्या बाजूने लांबू लागली. निखतचं टेबल पूर्वी हाताच्या अंतरावर होतं, आता तिच्याशी बोलायला आवाज चढवावा लागे. कपाटांच्या रांगेच्या टोकाला पांढरं काहीतरी साचलं होतं, त्यावरून येणारा वारा डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा होता. आणि खोली इतकी उत्तरेला पोचली की खिडकीतलं ऊन जाईना. सूर्य समोरच्या सोसायटीच्या टाकीपर्यंत उतरे, तिच्या काठाने सरकत जाई आणि पुन्हा वर येई.

"बाई गं, पडदा तरी लाव," निखत लांबून ओरडली. "माझ्या गवताला झोप नाही."

"मला बरं वाटतंय," बाबा म्हणाले.

पुढच्या फेरीत मॅडमनी वर्णनाचा कागद उचलला. त्यांच्याकडे लाल पेन्सिल असते. लिहिलेली ओळ फक्त लाल पेन्सिलीनेच खोडली जाते, इतर कशानेही ती पुसट होते, पण लागू राहते.

"हे 'क्वचित' कुठून आलं?"

"कधीकधी होतात वीस."

"कोण?"

"नमुना."

"एकाच झाडावरून तू 'ते' लिहिते आहेस, 'क्वचित' लिहिते आहेस. एक झाड, एक आकडा. एवढं तर पहिल्या वर्षाची मुलं पण सांगतील. फरक दाखवायचा असेल तर दुसरा नमुना आण."

त्यांनी पट्टी लावली. बाबा घाबरून मध्येच थांबले असावेत. मॅडमनी लाल पेन्सिलीने दोन्ही आकडे आणि तो शब्द खोडला आणि वर लिहिलं: १२.

बाबा बारावर थांबले. ते खिडकीकडे बघत होते की माझ्याकडे वळत होते कोण जाणे, पण चेहरा दोन्हींच्या मध्ये, कपाटाच्या पत्र्याकडे राहिला.

"शरू, मान वळत नाही गं," ते म्हणाले. आवाज डब्यातून आल्यासारखा होता.

मी गोळा करायला गेलेल्या लोकांना फोन केला. ते म्हणाले, तिथे एकच होते. आम्ही खडीवर हाका मारून पाहिल्या. आता तर सगळं बर्फाखाली गेलं.

दुसरा नमुना नव्हता. मग मी विचार केला की निदान पहिला तरी पूर्ण तपासावा. बाबांच्या फुलातली एक पिवळी पट्टी चिमट्याने काढली. ("हळू," ते म्हणाले.) तिच्यातली परागांची नळी काचपट्टीवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पराग नव्हते. दुसरी पट्टी काढली, त्यातही नव्हते. या जातीच्या सगळ्यात जवळच्या, आधीच नाव मिळालेल्या जातीत पराग भरपूर असतात. म्हणजे हा ठळक फरक होता आणि तो मला सापडला होता. माझे कान गरम झाले. मी एका दमात लिहिलं: परागकण नाहीत. बी परागाविना धरतं. अपत्य मूळ झाडाची हुबेहूब प्रत.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला जोडीदार लागत नाही. एकट्यानेच बी होतं."

"म्हणजे लग्नाचा खर्च फुकट गेला म्हणायचा." ते हसले असावेत, फूल हललं. "तुझ्या आईला सांगू नकोस हो."

मी आईला फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी होत होती.

"आई, एक गंमत झाली."

"कोण बोलतंय?"

"शर्वाणी."

"कुठली शर्वाणी?"

"अगं, मी."

"नंबर चुकला असेल बघा," आई म्हणाली. तिचा आवाज अनोळखी माणसांशी बोलायचा होता, गोड आणि जरा उंच. "मला मूलबाळ नाही. मिस्टर एसटीत होते, ते उत्तरेला गेले ते तिकडचेच झाले. तुम्ही यात्रा कंपनीकडून बोलताय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ठेवते हं. गॅसवर डाळ आहे."

मी मॅडमकडे गेले आणि शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"चुकीचं आहे का?"

"नाही."

"मग? या वर्णनातलं हेच एक चांगलं वाक्य आहे." त्यांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली. आणि कागद हातात आहेच म्हणून खाली आढळाची ओळही स्वतःच भरली: फक्त मूळ ठिकाणी, इतरत्र आढळत नाही.

मी बॅग उचलली आणि आईकडे जायला निघाले. आईने मला प्रत्यक्ष पाहिलं असतं तर बाबांचं नाक तिने ओळखलं असतं, असं मला वाटत होतं. मी कपाटांच्या रांगेतून दाराकडे चालत गेले. खडी पायाखाली वाजत होती आणि तिचा गारवा चपलेतून वर येत होता, आणि तो बरा वाटत होता. दार दिसत होतं, त्याच्यामागे जिना, जिन्यावर कुणाची तरी छत्री. खोली दाराच्या एक पाऊल अलीकडे संपली. मी थांबले. पुढचं पाऊल उचललं तर पाय खडीतून सुटेना. चप्पल काढली तेव्हा टाचेखाली तपकिरी, उभं, न फाटलेलं काहीतरी होतं. मी ते खडीतून हाताने उपटलं आणि परत टेबलापाशी आले. तेवढं चालता आलं.

पेन्सिलीला टोक करताना पात्याने बोट कापलं, तेव्हा पांढरं आलं. वर्णन मला ज्या क्रमाने लिहिलं होतं त्याच क्रमाने लागू होत होतं.

"दाखव," निखत म्हणाली. ती तिच्या टेबलावरून बराच वेळ चालत आली होती. तिने माझं बोट धरलं. मग स्वतःच्या ओढणीला ते पुसलं. "आता पानं येतील का गं?"

"हो. मग छदं. मग उंची."

"मॅडमना सांगू नकोस."

पण मी हिशोब केला होता. मी झाड होणार हे ठरलेलं होतं, कुठल्याही बाजूने पाहिलं तरी. बिननावाची राहिले असते तर ड्रम होता. पण माझी दुसरा नमुना म्हणून नोंद झाली असती, तर दोन झाडं झाली असती, आणि दोन झाडं असली की 'ते' लिहिता येतं. कदाचित 'क्वचित' सुद्धा. बाबांना मान वळवता आली असती. त्यांची मान वळवण्यासाठी माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

मॅडम आल्या तेव्हा मी म्हणाले, "दुसरा नमुना मिळाला."

"कुठे आहे?"

मी हात टेबलावर ठेवला. मनगटापासून कडा कापल्या जाऊ लागल्या होत्या.

"वेडी आहे ही," निखत म्हणाली. "मॅडम, लक्ष देऊ नका. ताप आहे तिला."

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, बाबांच्या पानाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. त्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या साडीला कापराचा वास होता.

"चांगलं काम केलंस," त्या म्हणाल्या. त्यांनी असं यापूर्वी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"शरू, कशाला गं?" बाबांनी पत्र्याकडे तोंड करून विचारलं.

"तुम्हाला खिडकी दिसेल, बाबा."

"खिडकीत काय आहे? मला गाड्या आवाजावरून कळतात."

बाकीच्या ओळी आधीच लिहिलेल्या होत्या, त्यामुळे वेळ लागला नाही. बाह्या रिकाम्या झाल्या. कॉलरपाशी शिंगं आली. ती टोचत नाहीत. मग मी टेबलावर होते, आणि टेबल एका मोठ्या चौकासारखं होतं. मॅडमनी पट्टी उभी केली. तिच्यावरचे आकडे माझ्याशेजारून इमारतीच्या मजल्यांसारखे वर गेले.

"बारा," मॅडम म्हणाल्या. मग पानं मोजली, खंड मोजले, शिंगं मोजली. प्रत्येक आकडा त्या बाबांच्या आकड्याशेजारी म्हणून पाहत होत्या. "बारा आणि बारा. फरक शून्य."

"पण दोन झाडं आहेत, मॅडम," मी म्हणाले.

"तूच लिहिलं आहेस ना, हुबेहूब प्रत? मग 'ते' कशाला लागतं?" त्यांनी आकड्याभोवती लाल गोल काढला. बारा तसाच राहिला. "फक्त तोंडाची ओळ राहिली आहे. वर्णन तुझ्या नावावर आहे, तू सांग, निखत लिहील."

फुलाच्या मध्ये तोंड होतं, माझंही आणि बाबांचंही. त्याबद्दल मी आजवर एकही शब्द लिहिला नव्हता. म्हणूनच ते होतं.

"सांगणार नाही," मी म्हणाले.

निखतने पेन खाली ठेवलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "असू दे. फुलं मिटून फळावर येऊ देत. तोंड घडीत जाईल, शीटवर दिसणार नाही."

सूर्य टाकीच्या काठाने सरकत होता. आमची फुलं मिटली. आत अंधार होता, हिरवा आणि उबदार. इतके दिवस उजेड पाहिल्यावर तो बरा वाटला. त्या अंधारात बाबांचा आवाज देठातून आल्यासारखा जवळ ऐकू येई. ते सकाळच्या गाड्यांची नावं क्रमाने म्हणत होते. एखादं विसरले की मी सांगे. मग फुलं पुन्हा उघडली तेव्हा पिवळं काही उरलं नव्हतं. माझ्या डोक्यावर पांढरा, हलका गोल होता. प्रत्येक केसाच्या बुडाशी एकेक बी होतं आणि प्रत्येक बीमध्ये, मला खात्री आहे, मी होते.

"कुणी पंखा लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणी शिंकायचं नाही. खिडक्या बघा." बिया सुटल्या तर नमुना वाया जातो. सुटलेल्या बियांसाठी शीटच्या कोपऱ्यात कागदी पाकीट चिकटवतात, पण वाऱ्यावर गेलेल्या बिया कुठल्याच पाकिटात बसत नाहीत.

प्रेसची खालची चौकट टेबलावर आली. तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टीपकागद, टीपकागदावर वर्तमानपत्र. या वेळी मराठी होतं. मॅडमनी आधी बाबांना ठेवलं आणि मग मला, एकाच पानावर, देठ समांतर. बाबांचा चेहरा अजून पत्र्याकडे होता. मॅडम प्रेस आवळायचे पट्टे आणायला वळल्या. निखतने चिमटा घेतला आणि बाबांची मान अगदी हळू, एखादं पान सरळ करावं तशी, माझ्याकडे वळवली.

"काका, दुखलं का?"

"नाही बेटा. खालाला नमस्कार सांग. तिन्ही शीटना."

इतक्या दिवसांनी मी बाबांना समोरून पाहत होते. पांढऱ्या गोलाच्या मध्ये त्यांचा चेहरा होता, तांदळाच्या दाण्याएवढा, दाढी वाढलेला. माझाही तसाच दिसत असणार, हुबेहूब.

मॅडम पट्टे घेऊन आल्या. वरचा टीपकागद आमच्या डोक्यांवर आला आणि त्याची सावली पडली. मी श्वास भरून घेऊ लागले. माझ्या मनात काय आहे ते बाबांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "तू फुंकायचं नाही. आधी लहानांनी चढायचं."

"खिडक्या लावल्या का?" मॅडमनी विचारलं.

निखत खिडकीपाशी उभी होती. तिचा हात कडीवर होता.

"शरू," बाबा म्हणाले. आवाज माइकवरचा होता, नेहमीचा, स्पष्ट. "गाडी लागली आहे."

"कुठली?"

"पुढच्या डेपोची," बाबा म्हणाले आणि त्यांनी ओठांचा चंबू केला.